‘इंजिन गेलं’ म्हणण्याआधी: बंद पडलेल्या बाईकची घरच्या घरी तपासणी

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी बोलणं आहे तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय गाडीचा. गाडी म्हणजे आपल्याकडे दुचाकी, हे वेगळं सांगायला नको. तळ्यात राहणाऱ्या माणसाला इंदापूर गाठायचं असो (पुणे जिल्ह्यातलं नव्हे, आपलं मुंबई-गोवा महामार्गावरचं), माणगावला दवाखान्यात जायचं असो, की विळे-भागाड किंवा धाटावच्या एमआयडीसीत पाळीला पोचायचं असो, एसटीची वेळ जुळली तर ठीक, नाहीतर गाडीच. त्यामुळे गाडी बंद पडली की नुसता दुरुस्तीचा खर्च येत नाही, कामाचा खाडाही पडतो.

आणि मग गॅरेजमध्ये एक वाक्य ऐकू येतं: ‘दादा, इंजिन काम निघालंय.’ हे वाक्य खरंही असतं कधी कधी. पण त्याचे तीन वेगवेगळे अर्थ होतात. एक, हाफ इंजिन, म्हणजे वरचं हेड आणि ब्लॉक-पिस्टन उघडायचं. दोन, फुल इंजिन, म्हणजे खालचं केसिंग फोडून क्रँकपर्यंत जायचं. आणि तिसरा अर्थ, जो कुणी सांगत नाही: इंजिनाला काहीच झालेलं नाही, शे-दीडशे रुपयांचा प्लग गेलाय, किंवा टाकीच्या झाकणाचं भोक बुजलंय. पहिल्या दोन्हींत हजारांचा खर्च, तिसऱ्यात चहाच्या पैशात काम.

हे तिन्ही बाहेरून अगदी सारखे दिसतात. किक मारली, गाडी चालू झाली नाही, एवढंच दिसतं. म्हणून आज आपण इंजिन दुरुस्त करायला शिकणार नाही आहोत. शिकायचंय ते एवढंच, की काहीही न उघडता, किंवा फक्त एक प्लग उघडून, यातलं नक्की काय झालंय हे कसं ओळखायचं. चांगला मेकॅनिकसुद्धा याच क्रमाने जातो. फरक इतकाच की त्याच्याकडे वेळ कमी असतो आणि गाडी बंद पडली तेव्हा तो तिथे नसतो. तुम्ही असता.

गाडी बंद पडली, पण कशी?

निम्मं निदान या प्रश्नात आहे. गाडी ढकलून घरी आणली असेल तर आधी ओट्यावर बसा आणि आठवा.

बटण दाबल्यासारखी एकदम बंद पडली? काही खडखड नाही, आचके नाहीत? मग संशय विजेवर. प्लग, प्लगची कॅप, कॉइल, सीडीआय, फ्यूज, किल स्विच.

आधी आचके दिले, दम तोडत तोडत थांबली, थोडा वेळ थांबून पुन्हा चालू झाली आणि परत तेच? मग संशय पेट्रोलवर. कचरा, पाणी, बुजलेली नळी.

चढाला ताकद कमी होत गेली, कुणीतरी मागून ब्रेक लावल्यासारखं वाटलं, मग थांबली? किंवा धाडकन आवाज झाला आणि मागचं चाक घसरत गेलं? इथे मात्र जपून. हा संशय इंजिनाच्या आतल्या भागांवर.

आणि चौथं, आपल्या भागातलं खास: पाण्यातून गेल्यावर किंवा मुसळधार पावसात बंद पडली.

हे चार प्रश्न कागदावर लिहून ठेवा. पुढे गॅरेजला जायची वेळ आलीच, तर हा कागद कामाला येतो.

तीन वेळा किक मारायची नाही

गाडी बंद पडली की आपला पहिला हात किंवा पाय स्टार्टरकडे जातो. एरवी चालेल. पण तीन प्रसंग असे आहेत की तिथे एक जादा किक हाफ इंजिनाचं काम फुल इंजिनावर नेते.

पहिला, इंजिनात पाणी गेल्याची शंका. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, वर पाणी, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. मग कुणीतरी वाकतं, आणि वाकतो तो कनेक्टिंग रॉड. सेल्फ स्टार्टरने किंवा गाडी ढकलून गिअरमध्ये टाकली तर जोर आणखी जास्त.

दुसरा, ऑइल संपल्याची किंवा अगदी तळाला गेल्याची शंका. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांत ऑइल जेमतेम लिटरभर असतं. त्यातलं पाव-अर्धा लिटर कमी झालं म्हणजे फार झालं.

तिसरा, धातूवर धातू आपटल्याचा आवाज होऊन गाडी थांबली असेल तर. आत काही तुटलं असेल, तर ते प्रत्येक फेरीला आणखी काहीतरी तोडणार.

या तिन्हींपैकी काही नसेल, तर पुढे चला.

हत्याराला हात लावण्याआधी

हा भाग ऐकून हसू येईल. पण गॅरेजवाल्यांना विचारा, यात किती गाड्या निघतात.

किल स्विच बंद तर नाही ना? पोरं खेळताना दाबतात. साइड स्टँड खाली असेल तर हल्लीच्या बऱ्याच गाड्या चालूच होत नाहीत, आणि त्या स्टँडच्या स्विचमध्ये लाल चिखल बसला की स्टँड वर असूनही गाडीला तो खालीच वाटतो. पेट्रोल खरंच आहे का? काट्यावर विश्वास ठेवू नका, झाकण उघडून गाडी हलवून बघा. जुन्या गाडीचा कॉक रिझर्व्हला न्या.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांमध्ये बहुतेक ठिकाणी कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. अशा बऱ्याच गाड्यांत चावी चालू केली की टाकीकडून दोन-तीन सेकंद ‘झूंऽ’ असा बारीक आवाज येतो. तो पेट्रोल पंपाचा. तुमच्या गाडीला एरवी तो येत असेल आणि आज येत नसेल, तर फ्यूज, बॅटरी, वायर किंवा पंप, यातच शोधायचं. बॅटरी पूर्ण बसली असेल तर अशा काही गाड्या किकनेही चालू होत नाहीत, कारण पंपाला आणि आतल्या कॉम्प्युटरला वीज लागते.

आणि एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत गाडी आडवी पडल्याचं ओळखणारा सेन्सर असतो. चिखलात गाडी घसरून पडली, उचलली, आणि आता काही केल्या चालू होत नाही? चावी पूर्ण बंद करा, थोडं थांबा, पुन्हा चालू करा. बरेचदा एवढ्यानेच काम होतं.

इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकत असेल तर ती लुकलुक मोजा. काही कंपन्यांच्या गाड्यांत लांब लुकलुक म्हणजे दहा आणि छोटी म्हणजे एक, असा कोड असतो. त्याचा अर्थ गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात नसला तरी सर्व्हिस सेंटरला सांगता येतो. मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा.

इंजिन फिरतंय का?

आता पहिली खरी चाचणी. हत्यार लागत नाही.

गाडी मेन स्टँडवर घ्या. चावी बंद. गिअर सगळ्यात वरचा टाका. मागचं चाक हाताने हळूहळू पुढच्या दिशेला फिरवा. चाक थोडं फिरेल, मग अडेल, जोर लावला की ते अडणं हळूच ओलांडून पुन्हा सैल होईल. तो अडण्याचा बिंदू म्हणजे कॉम्प्रेशन, हवा दाबली जातेय. असं झालं तर क्रँक, रॉड, पिस्टन निदान फिरताहेत. अर्धी चिंता गेली. स्कूटरला ही युक्ती चालत नाही, तिथे किक हाताने हळू दाबून बघायची.

चाक अजिबात हलत नसेल तर लगेच घाबरू नका. न्यूट्रल करा. न्यूट्रलमध्येही चाक फिरत नाही? मग अडचण ब्रेकमध्ये, चाकाच्या बेअरिंगमध्ये, चेनमध्ये किंवा गिअरबॉक्समध्ये आहे, पिस्टनकडे अजून जाऊ नका. न्यूट्रलला मोकळं फिरतं आणि गिअरला जाम होतं? मग प्लग काढा आणि पुन्हा करून बघा. प्लग काढल्यावर इंजिन मोकळं झालं, तर आत पाणी किंवा पेट्रोल साठलं होतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत कॉक रात्रभर उघडा राहिला आणि फ्लोटची सुई गळत असली की पेट्रोल थेट इंजिनात उतरतं. तसं झालं असेल तर ऑइलही बदलावं लागेल. आणि प्लग काढूनही इंजिन जाम, तर पिस्टन चिकटलाय किंवा बेअरिंग गेलंय. इथे घरची तपासणी संपली. गाडी गिअरमध्ये टाकून ढकलत बसू नका, टेम्पोत घालून न्या.

मधला एक प्रकार आहे. चढाला गाडी चिकटली आणि वीस मिनिटांनी गार झाल्यावर किक मोकळी झाली. लोक म्हणतात, ‘गरम झाली होती, आता ठीक आहे.’ ती ठीक नाही. पिस्टन फुगून ब्लॉकला घासला होता. लगेच ऑइल बघा. ऑइल भरून गाडी चालूही होईल, पण त्या ब्लॉकवर ओरखडे पडले असतील तर पुढे ऑइल खायला लागेल. पुढच्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये ऑइलची पातळी वरचेवर बघत राहा.

करंट: एक प्लग बरंच सांगतो

प्लगचा पाना गाडीच्या हत्यारांत असतो. इंजिन गार होऊ द्या. प्लगच्या आजूबाजूची माती आधी फुंकून किंवा ब्रशने काढा, नाहीतर ती सरळ आत पडते. मग प्लग काढा आणि त्याचं टोक बघा.

फिकट तपकिरी असेल तर इंजिन नीट जळत होतं. कोरडा काळा काजळीसारखा असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर बघा. काळा आणि तेलकट असेल तर ऑइल वर येतंय. पांढराफटक, भाजलेला असेल तर पेट्रोल कमी पडतंय, इंजिन जास्त तापतंय. पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, पण जळत नाही. आणि बऱ्याच किका मारूनही प्लग ठणठणीत कोरडा असेल, तर पेट्रोल पोचतच नाही.

आता ठिणगी. प्लग कॅपमध्ये बसवा, प्लगचं धातूचं अंग इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा. प्लगच्या भोकावर फडकं ठेवा, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते आणि तुम्ही शेजारीच ठिणगी पाडणार आहात. टाकीचं झाकण बंद, पेट्रोल सांडलेलं नको, बिडी-सिगारेट लांब. कॅप उघड्या हाताने धरू नका, रबरी मुठीच्या पक्कडीने धरा. कुणाला तरी किक मारायला सांगा. निळसर, चट्चट् वाजणारी ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी असेल तर ती बाहेर दिसते, पण आतल्या दाबाखाली विझते. प्लग धातूला टेकलेला नसताना किक मारत राहू नका, त्याने सीडीआय किंवा कॉम्प्युटर बिघडू शकतो.

ठिणगी नाही? आधी नवा प्लग लावून बघा. मग कॅप बघा. पावसाळ्यात कॅपमध्ये पाणी शिरलेलं असतं, करंट प्लगच्या टोकाला न जाता बाहेरूनच उतरतो. कॅप फिरवून काढा, कोरडी करा. जुन्या गाड्यांत वायरचं टोक हिरवं पडलेलं असतं. अर्धा सेंटिमीटर कापून कॅप पुन्हा फिरवून बसवली की काम होतं. मग बघा वायरिंग. गाडी पडवीत उभी असेल आणि शेजारी भाताची पोती असतील, तर उंदरांनी वायर खाल्लेली असणं ही नेहमीची गोष्ट.

ज्यांच्याकडे दोन प्लगची गाडी आहे, पल्सर डीटीएस-आय वगैरे, त्यांनी लक्षात ठेवा: एक प्लग गेला तरी गाडी चालते, पण मरगळल्यासारखी. लोक त्याला ‘इंजिन ढिलं झालंय’ समजतात. दोन्ही प्लग वेगवेगळे तपासा.

पेट्रोल आणि हवा

प्लग कोरडा निघाला तर इकडे या. पहिली चाचणी फुकट आहे. गाडी दोन-चार किलोमीटर चालते आणि थांबते, थोड्या वेळाने पुन्हा चालते? थांबल्या थांबल्या टाकीचं झाकण उघडा. ‘फस्’ असा हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि लगेच गाडी चालू झाली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा वरून यायला हवी. चिखल, गंज, कधी कुंभारमाशीचं मातीचं घर, एवढ्याशा कारणाने गाडी गॅरेजमध्ये आठवडाभर पडून राहते.

दुसरी चाचणी पाण्याची. कार्बोरेटरच्या वाटीखाली एक स्क्रू असतो, तो सैल करून थोडं पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्या. पाच-दहा मिनिटं न हलवता ठेवा. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाला थेंब किंवा थर करून बसतं. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. थोडं पाणी असेल तर ते मिसळून जातं आणि दिसतही नाही. पण प्रमाण वाढलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर तळाशी बसतो, आणि गाडी नेमकी तळाचंच ओढते. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर झाकणाचं रबर तपासा, गाडी आडोशाला ठेवा. असा थर दिसला तर त्या पेट्रोलला औषध नाही, टाकी रिकामी करायची.

इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलची नळी दाबाखाली असते. ती घरी उघडू नका.

हवेचं काम सोपं. एअर फिल्टर काढून बघा. कागदी फिल्टर भिजला की गाडी गुदमरते. फिल्टर काढून एकदा चालू करून बघा; लगेच नीट चालली तर चोर सापडला. पण फिल्टरशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका, आपली लाल माती ब्लॉकला सँडपेपरसारखी घासते. सायलेन्सरच्या तोंडातही बघा. आत घरटं किंवा मातीचा गोळा असेल तर धूर बाहेर पडत नाही आणि इंजिन श्वास घेत नाही.

दाब: इथे हाफ इंजिन ठरतं

पेट्रोल आहे, हवा आहे, निळी ठिणगी आहे, तरी गाडी चालू होत नाही. आता राहिला दाब.

प्लग लावलेला, चावी बंद. किक हाताने हळू दाबा. जागेवर अडली पाहिजे. सरळ खाली गेली तर दाब नाही, किंवा किकचे दाते अथवा क्लच घसरतोय. हा संशय दूर करायला मघाची चाकाची चाचणी वापरा. चाक अडतं आणि किक अडत नाही, तर दोष किकचा आहे, इंजिन निर्दोष.

ज्यांच्याकडे कॉम्प्रेशन मीटर आहे, त्यांनी प्लगच्या जागी तो लावून ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून काही जोरदार किका माराव्यात. शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच निरोगी इंजिनांत तो दर चौरस सेंटिमीटरला १० ते १४ किलोच्या दरम्यान थांबतो. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातला धरायचा.

दाब कमी आला तर आणखी एक चाचणी. प्लगच्या भोकातून एक चहाचा चमचा इंजिन ऑइल आत सोडा, दोनदा हळू किक दाबा, पुन्हा दाब मोजा. दाब चांगलाच वाढला तर ऑइलने पिस्टन आणि ब्लॉकमधली फट भरली, म्हणजे रिंगा किंवा ब्लॉक झिजलाय. वाढला नाही तर दोष वर आहे, व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. ही एक चमच्याची चाचणी ‘ब्लॉक-पिस्टन बदलायचा की नाही’ या प्रश्नाचं बरंचसं उत्तर देते. नंतर गाडी चालू झाली की थोडा वेळ निळा धूर येईल, तो त्या ऑइलचा.

व्हॉल्व्ह म्हटलं की हेड उतरवलंच पाहिजे असं नाही. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत झिजत खाली बसतो, टॅपेटची गॅप संपते आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. दाब निसटतो, सकाळी गार इंजिन चालू होत नाही. ही गॅप छोट्या इंजिनात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, आणि इंजिन गार असताना फिलर गेजने मोजतात. टॅपेट सेटिंग हे अर्ध्या तासाचं काम आहे. ते केल्याशिवाय हेड उघडायला होकार देऊ नका. टॅपेटचा थोडा टिकटिक आवाज इंजिनाला मारत नाही, गॅप अजिबात न उरणं मारतं.

ऑइल, धूर, आवाज

गाडी चालू होते, पण शंका आहे, त्यांच्यासाठी हा भाग.

ऑइलची कांडी काढा. पातळी बघा, मग रंग. काळं असणं गुन्हा नाही, काम केलेलं ऑइल काळं होतंच. दुधाच्या चहासारखं झालं असेल तर पाणी गेलंय. पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी वाढलेली असेल तर पेट्रोल उतरतंय. ऑइल बदलताना ते पसरट भांड्यात घ्या आणि उन्हात धरा. बारीक, जेमतेम दिसणारी चमक असते थोडी. पण हाताला लागणारे तुकडे किंवा पापुद्रे दिसले तर लोहचुंबक फिरवा. चिकटले तर पोलाद, म्हणजे गिअर किंवा बेअरिंग. चिकटले नाहीत तर बहुधा ॲल्युमिनियम, पिस्टनकडे बघायला हवं.

धूर. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. निळा म्हणजे ऑइल जळतंय. सकाळी चालू करताना एकदाच निळा भपका आणि मग साफ, तर बहुधा व्हॉल्व्हचे ऑइल सील, स्वस्त काम. ॲक्सिलरेटर पिळला की दरवेळी निळा, तर रिंगा. आणि पावसाळ्यातल्या गार सकाळी पांढरी वाफ दिसली तर ती वाफच आहे, इंजिन गरम झाल्यावर जाते.

आवाज. लांब लाकडी दांडी घ्या, एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला. फिरणाऱ्या चाकाला, चेनला कपडे लागणार नाहीत याची काळजी घ्या. वर हेडमध्ये बारीक टिकटिक म्हणजे टॅपेट. एका बाजूला साखळी घासल्यासारखी खडखड म्हणजे टायमिंग चेन किंवा तिचा टेन्शनर. आणि खालून, पोटातून, ॲक्सिलरेटर दिल्यावर वाढणारी जड ठकठक म्हणजे कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. ही ठकठक ऐकली की गाडी बंद करा. रॉड तुटला तर केसिंग फोडून बाहेर येतो.

पाण्यातली गाडी

मांदाडच्या खाडीकडे भरतीच्या वेळी रस्त्यावर आलेलं पाणी असो, की मोरीवरून वाहणारं. गाडी पाण्यात बंद पडली तर तिथे चालू करायचा प्रयत्न करू नका. ढकलत बाहेर काढा. एअर फिल्टर उघडा. आत पाणी असेल तर इंजिनातही गेलंय असं धरून चाला. प्लग काढा, चावी बंद ठेवून किक हळू दाबत पाणी बाहेर उडू द्या. मग ऑइल बघा.

जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुरात महाड बुडालं तेव्हा दारात उभ्या असलेल्या, बंद गाड्याही पाण्याखाली गेल्या. बंद गाडी आहे म्हणजे इंजिन सुरक्षित, असं नसतं. फिल्टरमधून, सायलेन्सरमधून, ब्रीदर नळीतून पाणी आणि गाळ आत जातो. अशा गाडीची आधी बॅटरीची वायर सोडवा. चावी चालूच करू नका. ऑइल काढा, नवं साधं ऑइल भरा, प्लग काढून हाताने इंजिन फिरवा, ते ऑइलही काढा. दुधाळपणा जाईपर्यंत हे करायचं, मगच चालू करण्याचा विचार. टाकी आणि कार्बोरेटरही रिकामा. खाडीचं खारं पाणी असेल तर बाहेरून लगेच गोड्या पाण्याने धुवा, कारण मीठ थांबत नाही. बुडालेली गाडी दोन दिवसांत हाताळली तर वाचण्याची शक्यता बरीच असते. महिनाभर तशीच ठेवली तर रिंगा गंजून ब्लॉकला चिकटतात.

आणि विमा. फक्त थर्ड पार्टी असेल तर पुराचं नुकसान मिळत नाही. पूर्ण विमा असेल तर काही उघडण्याआधी गाडीचे, पाण्याच्या खुणेचे फोटो काढा आणि कंपनीला कळवा. पाणी गेल्यावर गाडी चालू करून झालेलं नुकसान बऱ्याचदा नाकारलं जातं. किक न मारण्याचं हे आणखी एक कारण.

गॅरेजला जाताना

एवढं करूनही गॅरेजला जायची वेळ येऊ शकते, त्यात काही वाईट नाही. पण जाताना ‘बघा ना, चालूच होत नाही’ म्हणत जाऊ नका. कागद घेऊन जा: कशी बंद पडली, इंजिन फिरतं का, प्लग कसा निघाला, ठिणगी कशी होती, चमचाभर ऑइल घातल्यावर दाब वाढला का, ऑइलचा रंग कोणता. प्रामाणिक मेकॅनिकचा यात वेळ वाचतो आणि तो खूश होतो.

मग तीन गोष्टी आधी बोलून घ्या. हाफ की फुल, आणि का? ब्लॉक बोअर करणार असाल तर आधी मोजून दाखवा. जुन्या ब्लॉकला बोअर करून पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन बसवता येत असेल तर नवा किट घ्यायलाच हवा असं नाही. आणि काढलेले जुने पार्ट परत द्या. जुना पिस्टन हातात घेतला की त्यावरचे ओरखडे तुम्हालाच दिसतात. ते बघितले की पुढच्या वेळी ऑइलची कांडी बघायला कुणी सांगावं लागत नाही.

तर आज एक काम करा. गाडी चांगली चालू आहे तेव्हाच ते करायचंय. मेन स्टँडवर घ्या, चाक हाताने फिरवून बघा, कॉम्प्रेशन हाताला कसं लागतं ते ओळखून ठेवा. एकदा प्लग काढून त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. इंजिनाचा नेहमीचा आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. निरोगी गाडी कशी असते हे माहीत असेल, तरच आजारी गाडी ओळखता येते.

तुमच्या गाडीचा काही अनुभव असेल, एखादी वेगळीच खोड सापडली असेल, तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा, हेल्मेट घाला.